कारखान्यातील तीन पिढ्या आणि मालकाची जबाबदारी

आपल्या समाजातील फार मोठ्या वर्गाची रोजी हाताच्या कसबावर चालते. कोणी शिलाई करतो, कोणी फर्निचर बनवतो, कोणाचे गॅरेज आहे, कोणाचे माग, कोणाची बेकरी. या धंद्यांच्या अडचणी आपण नेहमी बोलतो. बँक दारात उभी करत नाही, रेडिमेड मालाने कंबर मोडली, कच्चा माल महागला. ही रड खरीच आहे. परंतु अलीकडे दोन धंदेवाले भेटले की सलाम-दुवा झाल्यावर तिसरे वाक्य हटकून एकच निघते : "पोरं टिकत नाहीत हो."

या तक्रारीत आम्हीही पुष्कळ वर्षे आपला आवाज मिळवला आहे. आज मात्र जरा उलट बाजूने बोलायचे आहे. पोरे का टिकत नाहीत हे आम्ही पोरांना विचारत होतो, उस्तादांना विचारत होतो, मशिदीबाहेर उभे राहून एकमेकांना विचारत होतो. दुकानाचा मालक म्हणून स्वतःला विचारायचे राहून गेले. आणि ज्याच्याकडे आमचे लक्षच नव्हते असा माणूस दुकान सोडून गेला तेव्हा कुठे डोळे उघडले.

आम्ही शिलाईच्या धंद्यातले. दुकान वडिलांनी सुरू केलेले, मशीन सात. कटिंगच्या टेबलावर आमचे मास्टर चाचा. वडिलांच्या काळापासून तेच कापतात. वयाच्या नवव्या वर्षी ते एका उस्तादांच्या दुकानात बसले. पहिली दोन वर्षे पाणी भरणे, इस्त्रीचे कोळसे पेटवणे, चहा आणणे. मग काज-बटण, मग पायजमा, मग सदरा. कैची हातात यायला सात वर्षे लागली. हे ते इतक्या वेळा सांगतात की गिऱ्हाइकांनाही पाठ आहे.

त्यांच्या खालोखाल एक कारीगर होता. कोट, जाकीट, शेरवानी त्याच्याकडे. आमच्याकडे सोळा वर्षे. वय अडतीसच्या आसपास, दोन मुले शाळेत, काम नगावर. आणि तिसरा एक मुलगा, बारावी पास, वय एकोणीस. बाकीचे कारीगर हंगामाप्रमाणे येत-जात असतात. घरी बसून काज-बटण आणि हातटाके करून देणाऱ्या दोन आपाही आहेत. त्यांच्याविषयी पुढे बोलू.

गोष्ट २०२३ च्या रमजानमधली आहे. शिलाईच्या दुकानात रमजान म्हणजे काय, हे या धंद्यातल्यांना सांगायला नको. पंधरावा रोजा झाला की ‘ऑर्डर बंद’ अशी पाटी लावायची, आणि पाटी लावली तरी ओळखीचा माणूस कापड टेबलावर टाकूनच जातो. तरावीहनंतर मशीन सुरू होते ती सहरीपर्यंत. अशा दिवसांत त्या मुलाने चाचांना विचारले, "चाचा, मुंढ्याचा हिशोब कसा काढता ते सांगा ना."

चाचा म्हणाले, "बघत राहा. आम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"आठ महिने बघतोय, चाचा."

"आम्ही सात वर्षं बघितलं."

मुलगा गप्प बसला. रात्री त्याने मोबाईलवर व्हिडिओ पाहून एक कुर्ता स्वतः कापला आणि शिवला. चांगला झाला. आम्हीही खूश झालो आणि दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा कुर्ता त्याला कापायला दिला. इथे चूक आमची. ते गिऱ्हाईक पाठीतून पोक काढून चालणारे होते. वहीतले माप बरोबर, कापणीही बरोबर, पण अंगावर चढवल्यावर मागून कुर्ता वर उचलला आणि पुढे घोळ लोंबला. पोक असलेल्या माणसाची मागची उंची वाढवून घ्यायची असते आणि पुढची थोडी मारायची असते, हे माप लिहिताना वहीत येत नाही. मास्टर माप घेता घेता माणसाकडे बघतो, तेव्हा ते त्याच्या डोक्यात जाते. चाचा चारचौघांत हसले. म्हणाले, "मोबाईलला म्हणावं आता उसवून दे."

मुलगा दोन दिवस आला नाही. ऐन हंगामात आम्ही त्याच्या घरी गेलो, वालिदांशी बोललो. मग चाचांच्या घरी गेलो. ते रुसून बसले होते की मालक एका पोरासाठी घरी जातो. शेवटी दोघेही आले. ईद पार पडली. आम्ही सुटकेचा श्वास टाकला आणि मित्रमंडळीत सांगत सुटलो की बघा, जुने आणि नवे दोन्ही सांभाळून घेतले.

ईदनंतर आठव्या दिवशी कोटवाला कारीगर समोर येऊन उभा राहिला. "भाई, माझा हिशोब करून टाका."

आम्हाला वाटले कोणाचे बोलणे लागले असेल. तसे विचारले. तो म्हणाला, "कोणी काही बोललं नाही, भाई. सोळा वर्षांत कोणी काही विचारलंच नाही."

त्याने मागच्याच रस्त्याला दोन मशीन टाकून दुकान उघडले. शेरवानीची निम्मी गिऱ्हाइके त्याच्याबरोबर गेली. त्याबद्दल तक्रार नाही. हातात कसब असलेला माणूस कधीतरी स्वतःचे दुकान काढणार, त्याचीही रोजी आहे. पण तो का गेला याचा विचार आम्ही खूप दिवस केला. त्यातून जे सुचले तेच या लेखाचे निमित्त.

प्रथम त्या मुलाचे आणि चाचांचे भांडण घेऊ, कारण ते प्रत्येक कारखान्यात आहे. चाचांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. कसब पाहून-पाहूनच हातात येते. परंतु त्यांच्या हिशोबात एक गोष्ट सुटते, आणि ती आपल्या सगळ्यांच्याच हिशोबातून सुटलेली आहे. चाचांनी जी सात वर्षे उस्तादांना दिली ती वय नऊ ते सोळा अशी होती. त्या वयात त्यांच्यावर घर नव्हते. दोन वेळचे जेवण आणि ईदला एक जोडा कपडे, एवढ्यावर भागत होते. म्हणजे जुनी शागिर्दी उभी होती ती मुलाच्या बालपणावर. शाळेची किंमत त्यात धरलेली नव्हती.

आज तसे मूल दुकानात बसवता येत नाही, आणि बसवू नयेच. बालमजुरीचा कायदा १९८६ चा. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवणे बंद झाले. शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत करायची तेवढी मोकळीक आहे. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. आपल्या मोहल्ल्यांतली मुले दहावी-बारावीपर्यंत जाऊ लागली आहेत, ही आनंदाचीच गोष्ट. पण मग दुकानात येणारा शागीर्द नऊ वर्षांचा नसतो, अठरा-एकोणीस वर्षांचा असतो. त्याच्याबरोबरचा मुलगा मालाची पार्सले पोहोचवून महिन्याला घरी पैसे देतो. त्याला आपण सांगतो की सात वर्षे बघत राहा. चाचांनी दिली ती बालपणाची वर्षे होती. या मुलाकडे आपण मागतो ती कमाईची वर्षे, आणि म्हणतो भाव तोच राहू दे.

तो टिकत नाही याचे आश्चर्य नाही. उलट आठ महिने टिकला याचे आम्हाला आता कौतुक वाटते.

आळस, मोबाईल, मेहनतीची सवय नसणे, हे दोष नव्या मुलांत असतात. आम्ही त्यांची वकिली करत नाही. सकाळी अकराच्या आधी दुकानात न येणारा मुलगा आम्हीही काढून टाकला आहे. परंतु किती दिवसांत काय शिकायला मिळेल हे माहीत नसताना माणूस मन लावून राबत नाही. ही गोष्ट वयाची नाही. चाचांना तरी किती दिवसांत गिऱ्हाइकाचे पैसे येतील हे माहीत नसताना कापड कापायला सांगून पाहा.

दुसऱ्या बाजूला उस्ताद. ते शिकवत का नाहीत? लोक म्हणतात जळतात, विद्या लपवतात. थोडे खरे असेल. पण उस्तादांच्या जागी बसून पाहिले पाहिजे. नगावर किंवा रोजावर काम करणारा म्हातारा माणूस एका पोराला शिकवायला दिवसातला एक तास देतो, तेव्हा त्या तासाचे त्याचे काम बुडते. पोरगा शिकला की मालकाला दोन कापणारे मिळतात, आणि त्यातला म्हातारा महाग असतो. आपल्या हाताने आपली जागा खाली करायची आणि वर त्या तासाची मजुरीही बुडवायची! असा सौदा मालकाने स्वतः कधी केला असता काय? चाचांची नजर कमी होत चालली होती, बारीक खडूची रेघ त्यांना दिसत नव्हती. हे त्यांना कळत होते आणि आम्हाला कळू नये असे त्यांना वाटत होते. पोरावर हसण्यामागे ही भीती होती, हे आम्हाला फार उशिरा समजले.

याबाबत मिरजेचा दाखला आठवतो. मिरज आम्हाला जवळ. तेथील सतारमेकरांच्या गल्लीत ज्यांनी जाऊन पाहिले असेल त्यांना माहीत आहे की हे कारीगर मुळात शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना पाणी आणि धार देणारे. इंग्रजी अमलात हत्यारांचे काम बसले. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये दुरुस्त करता करता ती बनवण्याचे कसब मिळवले आणि पुढे त्यावर कित्येक घरे जगली. पंढरपूर भागातला भोपळा, तुणीचे लाकूड, आणि हाताने घासून लावलेली जवारी. तंबोऱ्याच्या घोडीवर तार जिथे टेकते ती जागा कानसेने इतकी घासायची की सूर फुलला पाहिजे; केसभर जास्त घासली की सूर गेला. ही गोष्ट कोणत्या वहीत लिहिणार? ती कानाने शिकायची असते, उस्तादाच्या शेजारी बसून. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव सुरक्षित झाले हे फार चांगले झाले. पण तेथेही इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि आता मोबाईलमधला तंबोरा यांच्याशी गाठ आहे, आणि जवारी लावणारा हात पुढच्या पिढीत तयार झाला तरच त्या नावाचा उपयोग.

या उदाहरणातून आम्ही दोन गोष्टी घेतल्या. एक अशी की ‘आमच्या बापजाद्यांपासून असेच चालत आले’ हे म्हणणे कारीगराच्या तोंडी शोभत नाही. फरीदसाहेबांच्या आधीच्या पिढीला तंबोरा दुरुस्त करणारा मुलगा काय वाटला असेल? तलवारीचे घराणे आणि पोरगा भोपळे कोरतो! दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे. उस्तादाच्या विद्येत लिहिता येण्यासारखा भाग वेगळा आणि न लिहिता येणारा भाग वेगळा. मुंढ्याचा हिशोब, छातीच्या मापाचे भाग, माया किती सोडायची, हे सगळे आज मोबाईलवर फुकट आहे. ते लपवून उस्तादाची इज्जत वाढत नाही. त्याची खरी दौलत म्हणजे पोक ओळखणे, एक खांदा उतरता आहे हे माणूस दारातून आत येतानाच टिपणे, कापड धुतल्यावर किती आटेल हे बोटांना कळणे. पोराने पहिला भाग मोबाईलवरून शिकावा, दुसरा उस्तादांकडून. भांडणाचे कारण निम्मे इथेच संपते.

आम्ही मग काय केले ते सांगतो. फार मोठे काही नाही. चाचांना रोज एक तास शिकवण्याचा वेगळा मेहनताना सुरू केला. कापणीच्या पैशात तो मिसळला नाही, वेगळ्या पाकिटात दिला, दर जुमेरातीला. पहिल्या वेळी त्यांनी घेतला नाही. "पोराला शिकवायचे पैसे घेऊ का मी?" म्हणाले. आम्ही म्हटले, मदरशातले मौलवीसाहेबही पगार घेतात, चाचा. तेव्हा घेतला. माप घेण्याचे काम त्यांच्याकडेच ठेवले, कारण गिऱ्हाईक त्यांच्याचसाठी येते. वहीत लिहायचे आणि खडूची रेघ मारायची ती मुलाने. त्यामुळे चाचांना शेरा बोलून दाखवावा लागतो : "डावा खांदा उतार लिही, पोट सुटलंय, पुढून सोड." न बोलता जे डोक्यात जात होते ते वहीत येऊ लागले. ही युक्ती आम्हाला सुचली नव्हती. चाचांच्या डोळ्यांची लाज राखण्यासाठी केलेली सोय होती, फायदा वरून निघाला.

मुलाला कागदावर लिहून दिले की पहिल्या सहा महिन्यांत काय शिकायचे, वर्षभरात काय, आणि प्रत्येक टप्प्याला पगार किती वाढेल. कागद साधाच, वहीचे पान, खाली दोघांच्या सह्या. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा ही शिकवण आपल्याकडे काही नवी नाही. आपण उधारीपुरती ती पाळतो, कारीगराच्या बाबतीत विसरतो.

सरकारी मदतीचेही सांगितले पाहिजे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा हस्तव्यवसाय आहेत. त्यांत दर्जी, सुतार, लोहार, कुलूप बनवणारे, न्हावी, धोबी, गवंडी असे आपल्यातले पुष्कळ जण येतात. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना. वय अठरा पूर्ण हवे आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ. माग चालवणारे विणकर या यादीत नाहीत, हे मालेगाव-भिवंडीच्या वाचकांनी लक्षात ठेवावे. योजना चांगली आहे, अर्ज अवश्य करावा. मात्र पाच-सात दिवसांच्या शिकवणीने दर्जी तयार होत नाही. तो दुकानातच तयार होतो, आणि दुकान मालकाचे असते.

आता कोटवाल्या कारीगराकडे येऊ. त्याच्याविषयी लिहिताना आम्हाला शरम वाटते, तरी लिहिणे भाग आहे. २०२० च्या टाळेबंदीत दुकान बंद. ईद आली २५ मेला, एक ऑर्डर नाही. चाचा वडिलांच्या वेळचे, म्हणून त्यांच्या घरी रेशन आणि निम्मा पगार गेला. त्या वेळी कामावर असलेला एक पोरगा व्हॉट्सॲपवरून मास्कच्या ऑर्डरी मिळवत होता, त्याचे आम्ही कौतुक केले, त्याला बक्षीस दिले. कोटवाला नगावर होता. नग नाही म्हणून पैसे नाहीत, असा सरळ हिशोब. दोन वेळा त्याला उचल दिली आणि दुकान उघडल्यावर ती दर आठवड्याला थोडी थोडी कापून घेतली. कोणाचा हक्क मारला असे तेव्हा वाटले नाही. नियमाने बरोबरच होते! पण त्याची मुले तेव्हा शाळेत होती, घराचे भाडे सुरू होते, आणि दुकानातले सगळ्यांत जास्त काम सोळा वर्षे त्याच्याच हातून निघत होते.

म्हाताऱ्याला मान द्यावा हे आपल्याला घरातून शिकवले जाते. तरुण पळून जाईल या धास्तीने त्याला आपण गोंजारतो. मधला कुठे जाणार? त्याच्यावर घर आहे, तो चुपचाप मान खाली घालून शिवत राहील, असे आपण गृहीत धरतो. त्याची मागणी काय असते? एक तर पुढे काय, हे त्याला कळायला हवे असते. पंचावन्नाव्या वर्षीही नगावरच शिवायचे काय? दुसरे असे की आजारी पडला, हाताला सुई लागून पिकली, तर त्या आठवड्याचे काय? आमच्याकडे या दोन्हींचे उत्तर नव्हते. त्याने उत्तर स्वतः शोधले.

आता त्याच्या जागी जो आला आहे त्याला आम्ही नगाबरोबर थोडा बांधील पगार देतो, काम असो वा नसो, आणि शेरवानीच्या प्रत्येक ऑर्डरीवर वरचा हिस्सा. दुकानाला हे परवडते का? रमजान आणि लग्नसराईत परवडते, पावसाळ्यात ओढाताण होते. जुना कारीगर गेल्याने जे नुकसान झाले त्याच्याशी ताडून पाहिले तर स्वस्त पडते. जुन्याशी आमचा सलाम-दुवा आहे. काम अंगावर आले की कोट त्याच्याकडे पाठवतो. भाव त्याचा तो सांगतो, आम्ही घासाघीस करत नाही.

काज-बटण करणाऱ्या आपांबद्दल एवढेच, की त्यांचा नगाचा दर आम्ही सहा वर्षे वाढवला नव्हता. त्यांनी मागितला नाही आणि आमच्या लक्षात आले नाही. त्यातल्या एकीची मुलगी आता मोबाईलवर डिझाइन पाहून ब्लाऊज शिवते आणि आईच्या महिन्याभराच्या काज-बटणाइतके दोन आठवड्यांत कमावते. ती आमच्याकडे काम मागायला येणार नाही, तिला आमची गरजही नाही. आईचा दर वाढवला. तो आधीच वाढवायला हवा होता.

येथवर कारीगरांचे झाले. पिढ्यांचा सर्वांत अवघड प्रश्न मात्र गल्ल्यामागे बसलेला असतो, आणि त्याविषयी बोलायला कोणी तयार नसतो. आमच्या ओळखीच्या किती दुकानांत वडील सत्तरीचे, मुलगा पंचेचाळीसचा, आणि दुकानासाठी धाग्याचे बंडल आणायचे तरी मुलगा अब्बांकडून पैसे मागून घेतो! बाहेर लोक त्याला शेठ म्हणतात. त्याचा दुकानाशी नेमका संबंध काय, हे कोणी ठरवलेले नसते. तो नोकर आहे, तर पगार किती? भागीदार आहे, तर हिस्सा किती? ‘घरचेच आहे’ या दोन शब्दांवर पंचवीस वर्षे निघतात.

मग वडिलांचा इंतकाल होतो आणि वारसा वाटायची वेळ येते. वारसाचे हिस्से ठरलेले आहेत; त्यात बहिणींचा हक्क आहे, आईचा आहे, बाहेरगावी नोकरी करणाऱ्या भावाचाही आहे. दुकानात कोण किती राबला हे त्या हिश्शात मोजले जात नाही. राबलेल्याला वाटते आपण लुबाडले गेलो, आणि तो बहिणींचा हिस्सा दाबून बसतो. असे कित्येक घरांत झालेले आम्ही पाहिले आहे. पाप त्याचेच, पण त्याची तयारी वडिलांच्या हयातीत झालेली असते. मृत्युपत्राने हे सुटत नाही : सुन्नी कायद्यात वारसाच्या नावे केलेले मृत्युपत्र बाकीच्या वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही, आणि परक्याला द्यायचे तरी एक तृतीयांशाची मर्यादा आहे. हिंदू बांधवांना एकत्र कुटुंबाची आयकरातली जी वेगळी सोय आहे, तीही आपल्याला नाही.

राहतो तो मार्ग हयातीतला. मुलाला पगार लावा आणि तो वहीत खर्ची टाका. किंवा १९३२ च्या कायद्याप्रमाणे भागीदारीचा करार करा, भांडवल कोणाचे, मेहनत कोणाची, नफ्यात हिस्सा किती, सगळे लिहा. कराराची नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसलेल्या फर्मला येणे वसूल करायला कोर्टात जाता येत नाही. आणि भागीदार वारला तर पुढे काय, हे करारात लिहिलेच पाहिजे. न लिहिल्यास भागीदारी तिथेच संपते; भागीदार दोघेच असतील तर लिहूनही ती पुढे चालत नाही, मग हिशोब कसा करायचा एवढे तरी लिहून ठेवावे. वडिलांच्या मालकीचे जे असेल ते वारसांत हिश्शाप्रमाणे जाईल, मुलाने कमावलेले त्याचे राहील. बहिणीलाही तिचे मागताना मान खाली घालावी लागणार नाही.

हा सल्ला लोकांना देताना आम्ही मोठे शहाणे दिसतो. आमचा धाकटा भाऊ बारा वर्षे आमच्याबरोबर दुकानात आहे. कापड खरेदी, ऑनलाइन पैसे, जीएसटीचे कागद, सगळे तो पाहतो. त्याचा पगार ठरलेला नाही. लागेल तसे घेतो. वकिलाकडून कराराचा मसुदा येऊन दोन महिने झाले आहेत. तो गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात आहे. हिश्शाचा आकडा जिथे लिहायचा ती जागा अजून कोरी आहे, आणि परवा चाचांनी, माप घेता घेता, भावाच्या देखत विचारले की त्या कागदाचे काय झाले.